बशीत धडधडतात, मग छातीत का नाही?

कुंपण
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचक होतो, हा पहिलाच धागा. विभाग चुकला असेल तर हलवा.

बाबांना दीड वर्षापूर्वी मोठा अटॅक आला. दोन स्टेंट पडले, जीव वाचला, पण पंपिंग (ईएफ, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते) ३० वर येऊन अडकलंय. जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबतात आणि मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं करतात. आम्हीही काही न कळल्यासारखं करतो.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकांनी एक क्लिनिक सुचवलं. पोटाच्या चरबीतून मूळपेशी (स्टेम सेल, ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात) काढायच्या, सलाईनमधून सोडायच्या, मग त्या 'आपोआप हृदयात पोचून नवा स्नायू तयार करतात' असं तिथल्या माणसानं फोनवर सांगितलं. त्याच रात्री मी एक व्हिडिओ पाहिला. मूळपेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या हृदयाच्या पेशी होत्या. काचेच्या बशीत, आजूबाजूला शरीर नाही, रक्त नाही, आणि खऱ्याखुऱ्या धडधडत होत्या. तीन वेळा पाहिला.

तर प्रश्न असा की बशीत होतंय ते छातीत का होत नाही? आणि क्लिनिकवाला सांगतोय ते हेच का?

तिरपागडे
हृदय देऊन बसलेल्यांना परत मिळणार का, तेवढं आधी सांगा. बाकीचं वाचतोय.

डॉ_निवांत
कुंपण, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, हे ते नाही.

चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी हृदयाचा स्नायू होत नाहीत. सलाईनमधून सोडलेल्यांपैकी तर बहुतेक फुप्फुसातच अडकतात. अस्थिमज्जेच्या पेशी हृदयात सोडायचे प्रयोग गेली वीसेक वर्षं झाले, हजारो रुग्णांवर झाले. आधी छोट्या चाचण्यांत पंपिंग दोनचार टक्के वाढलेलं दिसायचं. चाचणी जितकी काटेकोर, तितका तो फायदा विरत गेला. युरोपात बामी नावाची मोठी चाचणी ठरली होती. त्यात ३००० रुग्ण घ्यायचे होते, मिळाले ३७५, आणि २०२० मध्ये निकाल आला तेव्हा त्यातून ठाम काहीच सिद्ध करता आलं नाही.

आता हिशेब बघा. डाव्या कप्प्यात स्नायूपेशी साधारण २०० ते ४०० कोटी. मोठ्या झटक्यात त्यातल्या १०० कोटींपर्यंत काही तासांत मरतात. तिथे व्रण होतो. हा व्रण वाईट नाही बरं का, तो नसता तर भिंत फुटली असती. पण तो आकुंचन पावत नाही. म्हणजे बाबांना हव्यात १०० कोटी, आणि त्याही नुसत्या जिवंत नव्हे, तालात चालणाऱ्या. सलाईनच्या बाटलीत ते मावत नाही.

औषधं नियमित चालू आहेत ना? पंपिंग ३० असेल तर छातीत बसवायच्या, ठोके बिघडले की शॉक देणाऱ्या यंत्राबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोललात का? हे आधी.

झोपमोड
माझं काळीज फाटलंय, पण ईएफ ६० आहे. कुठे दाखवू?

अर्धविराम
विषय गंभीर आहे, तरी खाज गेली नाही म्हणून लिहितो. मूळपेशी, मूलपेशी की स्कंधपेशी? मी तिन्ही छापलेले पाहिलेत. 'स्टेम'चं शब्दशः खोड म्हणून स्कंध झालं, पण स्कंध म्हटलं की खांदाच आठवतो. मूलपेशी वाचलं की बालवाडी डोळ्यांसमोर येते. आपलं मत मूळपेशीला.

आणि झोपमोड, तुमच्या विनोदात एक खरी गंमत आहे. जुन्या मराठीत काळीज म्हणजे यकृतही आणि हृदयही. यकृत अर्ध्याहून जास्त कापलं तरी भरून येतं, हृदय मात्र येत नाही. एका शब्दात दोन अवयव कोंबले, पण नशीब दोघांचं वेगळं.

तिरपागडे
म्हणजे काळीज द्यायचं तर यकृतवालं द्यावं. नोंद घेतली.

शंकेखोर
क्लिनिकवाल्याला एकट्याला शिव्या देऊ नका. हे पिल्लू मोठ्या लोकांनीच सोडलंय.

२००१ साली 'नेचर'मध्ये पिएरो अनव्हर्सा यांच्या गटाचा शोधनिबंध आला, की अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्या तर उंदराच्या मेलेल्या हृदयात नवा स्नायू उगवतो. त्यानंतर त्यांनी हृदयातच मूळपेशी असतात असंही सांगितलं. २००४ मध्ये दोन वेगळ्या गटांनी तोच प्रयोग करून पाहिला, त्याच नियतकालिकात लिहिलं की आम्हाला असं काही दिसत नाही. थांबलं का? नाही. माणसांवरच्या चाचण्या सुरूच राहिल्या. शेवटी २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्यांच्या संलग्न रुग्णालयानं सांगितलं की या प्रयोगशाळेतल्या ३१ निबंधांत खोटी किंवा फिरवलेली माहिती आहे, ते मागे घ्या.

सतरा वर्षं! तेवढ्यात एक पिढी पीएचडी होऊन बाहेर पडली. त्यामुळे बशीतला व्हिडिओ पाहून माझ्या अंगावर काटा वगैरे येत नाही. माझ्या दृष्टीनं हे सगळं एकाच माळेचे मणी.

ओलीसुकी
शंकेखोर, माझी बहीण प्रत्यारोपणाच्या यादीत आहे. चौदा महिने झाले. 'एकाच माळेचे मणी' हे बाहेरून म्हणायला सोपं आहे हो. यादीत असलेल्या माणसाला कोणी तरी काही तरी करतंय एवढं ऐकूनही त्या दिवशी जेवण जातं.

शंकेखोर
ताई, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण असं जेवण जाण्यावरच क्लिनिकवाल्यांचं दुकान चालतं. माझा राग त्याचा आहे.

पेट्रीबशी
बराच वेळ नुसती वाचत होते, पण 'एकाच माळेचे मणी' वाचून राहवलं नाही. माझं काम हेच आहे. त्या व्हिडिओत दिसतात त्या पेशी मी रोज बनवते. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

शंकेखोर म्हणतात तो घोटाळा खरा आहे आणि आमच्या क्षेत्राला अजून भोवतोय. पण तो होता प्रौढ शरीरातल्या पेशींबद्दल. बशीतल्या पेशींची वाट वेगळी. त्या येतात भ्रूणातल्या मूळपेशींपासून (माणसाच्या पहिल्यांदा १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी वाढवल्या), किंवा आयपीएस पेशींपासून, म्हणजे साध्या पेशी मागे नेऊन केलेल्या मूळपेशींपासून. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या साध्या पेशींत चार जनुकं घातली आणि त्या पेशी पार मागे, भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत गेल्या. २०१२ चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळालं ते यासाठी. आता हे कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत होतं. म्हणजे शंका असेल त्यानं यावं आणि सूक्ष्मदर्शकात डोळा लावावा.

करतो काय? भ्रूणात हृदय बनतं तेव्हा पेशींना एक रासायनिक इशारा मिळतो, त्याचं नाव डब्ल्यूएनटी. आधी तो चालू व्हावा लागतो, मग वेळेवर बंद. आम्ही तेच करतो. पहिल्या दिवशी एक रसायन घालून इशारा चालू, तिसऱ्या दिवसाच्या आसपास दुसरं घालून बंद. बाकी नुसतं खाऊपिऊ घालायचं आणि वाट बघायची. ऐकायला सोपं आहे. पण सुरुवातीच्या पेशी किंचित विरळ पडल्या की सगळी बॅच फुकट, आणि ते कळतं दहाव्या दिवशी.

आठव्या-नवव्या दिवशी सकाळी बशी काढायची. आधी काहीच दिसत नाही, नुसता करडा थर. मग कोपऱ्यात कुठे तरी काही हललं असं वाटतं. आपल्याच हाताचा धक्का असेल म्हणून हात टेबलावरून काढून घ्यायचा. परत हलतं. दुसऱ्या दिवशी तसे दहा ठिपके, तिसऱ्या दिवशी अख्खा थर एका तालात. कधी कधी इतक्या जोरात आकुंचन पावतात की थर बशीच्या तळापासून सुटून गुंडाळीसारखा तरंगतो. एक मजा अशी की उबदार पेटीतून बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की त्या गार पडत जातात आणि ठोके मंदावतात. गार पोषकद्रव्य ओतलं तर क्षणभर थांबतातच. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं मीच मारल्या.

पुढे साफसफाई. बशीत हृदयपेशी नसलेल्याही असतात, आणि एखादी मूळपेशी तशीच राहिली तर तिची गाठ होऊ शकते. मग साखर काढून घ्यायची आणि लॅक्टेट द्यायचं. हृदयपेशी लॅक्टेटवर जगते, बाकीच्या उपाशी मरतात. ही युक्ती जपानी गटानं २०१३ मध्ये दिली. इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही असं वाटतं.

तेव्हा 'बनवता येतात का' हा प्रश्न बऱ्यापैकी संपलाय. अडलंय ते त्यापुढे.

वाटसरू
ताई, वाचनखूण साठवली. पण 'अडलंय ते त्यापुढे' म्हणून पडदा पाडू नका. पुढचा अंक?

अर्धविराम
'गुंडाळीसारखा तरंगतो' झकास. ('खाऊपिऊ घालणे' नाही, 'खाऊपिऊ घालून वाढवणे'. राहू दे.)

पेट्रीबशी
पुढचा अंक. बॅच बुरशीनं गेली आहे, तीन आठवडे पाण्यात, त्यामुळे वेळच वेळ आहे. (कोणीतरी पेटीचं दार नीट लावलं नव्हतं. कोण ते मला माहीत आहे. ती मीच.)

अडचण एक: या पेशी वयानं लहान आहेत. बशीत महिनाभर ठेवल्या तरी गर्भातल्या हृदयासारख्याच असतात. आकारानं आखूड, आतल्या स्नायूतंतूंची रांग विस्कटलेली, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या मनानं धडधडतात. मोठ्या माणसाच्या कप्प्यातली स्नायूपेशी असं करत नाही, ती वरून हुकूम येईपर्यंत गप्प बसते. व्हिडिओत जे बघून आपण भारावतो ना, तेच मुळात पोरपणाचं लक्षण आहे.

अडचण दोन पहिलीतूनच येते. २०१४ मध्ये चार्ल्स मरी यांच्या गटानं माकडांच्या दुखावलेल्या हृदयात १०० कोटी मानवी पेशी टोचल्या. पेशी जगल्या, शेजाऱ्यांशी जोडल्या गेल्या, व्रणाचा बराच भाग भरला. आणि सगळ्या माकडांच्या ठोक्यांत गडबड झाली. नव्या पेशी आपला वेगळाच ठेका धरतात आणि अख्ख्या हृदयाला त्यावर नाचवतात. काही आठवड्यांनी शांत होतं, पण ते आठवडे कसे काढायचे? तुमच्या बाबांचं पंपिंग ३० आहे. माकड झेलतं ते त्यांना झेपेलच असं नाही. मरी यांच्याच गटानं २०२३ मध्ये पेशींची काही जनुकं बदलून ही आपोआप धडधड बंद करून दाखवली, पण प्राण्यांत.

तिसरी: पेशी परक्या असल्या तर शरीर हुसकावणार, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायची औषधं घ्यायला लागणार. स्वतःच्याच त्वचेपासून बनवायच्या तर काही महिने लागतात, प्रत्येक बॅच वेगळी तपासावी लागते.

तिरपागडे
थोडक्यात, घरात आलेली नवीन सून स्वतःचा ताल धरते आणि महिनाभरात सगळे तिच्याच तालावर.

ओलीसुकी
तिरपागडे, इथे वाचणाऱ्यांत सुनाही आहेत हो. 🙂 बाकी उपमा बरोबर, फक्त आमच्याकडे वर्ष लागलं.

डॉ_निवांत
पेट्रीबशींना पूर्ण अनुमोदन. चौथी अडचण जोडतो: रक्तपुरवठा. हृदयाचा स्नायू सतत काम करतो, प्रत्येक पेशीच्या अगदी जवळून केशवाहिनी जाते. पेशींचा जाड गोळा ठेवला तर मधल्या गुदमरतात. टोचलेल्यांतल्या बऱ्याच पहिल्या काही दिवसांतच जातात.

वाटसरू, तुम्ही मागे वाचलेलं ते माशाचं काय होतं?

वाटसरू
होय, झेब्राफिश. हृदयाच्या कप्प्याचा पाचवा भाग कापला तरी दोनेक महिन्यांत परत येतो, २००२ मधलं काम. आणि नुकतंच जन्मलेलं उंदराचं पिल्लूही करतं! एका दिवसाचं असेल तर भरून निघतं, सात दिवसांचं झालं की नाही. म्हणजे कुलूप जन्मानंतर आठवड्यात लागतं. मग बाहेरून पेशी आणण्यापेक्षा ते कुलूपच उघडायचं. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, परक्या पेशी नाहीत, वेगळा ठेका नाही.

डॉ_निवांत
तसंच वाटलं होतं सगळ्यांना. २०१९ मध्ये डुकरांवर केलं, झटक्यानंतर एक छोटा आरएनए (पेशीतल्या जनुकांवर ताबा ठेवणारा रेणू) जनुकाच्या रूपात घातला, आणि महिन्याभरात खरोखर स्नायू वाढला, व्रण आक्रसला. मग तो वाढतच राहिला. बहुतेक डुकरं ठोके बिघडून अचानक मेली. कुलूप उघडायला जमतंय, पण परत लावता आलं पाहिजे ना.

झोपमोड
एवढं सगळं असून आपलं हृदय जन्मभर त्याच पेशींवर चालतं? मग मी चाळीस वर्षं जुनाच माल वापरतोय.

पेट्रीबशी
जवळजवळ. यावर एक सुंदर काम आहे, २००९ चं, स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतलं. शीतयुद्धात जमिनीवर अणुचाचण्या झाल्या तेव्हा हवेत कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला. अशा चाचण्या थांबवणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हाच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएत बसतो, म्हणजे प्रत्येक पेशीच्या आत जन्मतारखेचा शिक्का. तो वाचून त्यांनी मोजलं: पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. आयुष्यभरात निम्म्याही बदलत नाहीत.

बॉम्बच्या चाचण्यांतून कोणाचं काय भलं झालं असेल तर आम्हाला हृदयाचं वय कळलं.

शंकेखोर
हे आवडलं. आणि मूळ आरोप अर्धा मागे घेतो. दोन माळा आहेत, मान्य.

पण आता सरळ सांगा, माणसात झालंय का? जिवंत माणसाच्या छातीत, प्रयोगशाळेच्या बाहेर. की अजून 'पाच वर्षांत'? कारण मी पंधरा वर्षं 'पाच वर्षांत' ऐकतोय.

पेट्रीबशी
झालंय, थोडं. मला खात्रीची आहेत तेवढी उदाहरणं देते.

जपानमध्ये ओसाका विद्यापीठात योशिकी सावा यांच्या गटानं जानेवारी २०२० मध्ये आयपीएस हृदयपेशींच्या पातळ चकत्या पहिल्या रुग्णाच्या हृदयावर ठेवल्या. त्या बहुधा स्नायू म्हणून काम करतच नाहीत, त्यांच्यातून झिरपणारी द्रव्यं हृदयाला आधार देतात, अशी कल्पना. केइओ विद्यापीठातल्या केइइची फुकुदा यांच्या कामातून निघालेली दुसरी पद्धत पेशींचे बारीक गोळे करून स्नायूत टोचायची.

मला सगळ्यात पटलं ते जर्मनीतल्या ग्योटिंगेनचं, वोल्फ्राम-हुबर्टस त्सिमरमान यांचं. ते कोलॅजनमध्ये पेशी घालून खरा आकुंचन पावणारा स्नायू तयार करतात आणि त्याचे तुकडे हृदयावर शिवतात. आधी माकडांत केलं. मग एका ४६ वर्षांच्या बाईंच्या हृदयावर १० तुकडे, ४० कोटी पेशी. तीन महिन्यांनी त्यांना दात्याचं हृदय मिळालं, आणि जुनं हृदय कापून पाहता आलं. पेशी जिवंत होत्या, त्यांच्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये छापून आलं. शंकेखोर, यात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, हृदय टेबलावर होतं.

पण लक्षात घ्या, ते प्रत्यारोपणापर्यंत तग धरण्यासाठी होतं. बरी झाली असं कोणी म्हटलेलं नाही.

ओलीसुकी
प्रत्यारोपणापर्यंत तग. चालेल. आम्हाला तेवढंच हवंय. बहिणीला वाचून दाखवला हा प्रतिसाद. ती म्हणाली, "शिवायचंय तर टीप घालायला सांग, धावदोरा नको."

अर्धविराम
ताई, बहिणीला माझा नमस्कार सांगा.

तिरपागडे
या धाग्यानं शिवा म्हणावं. फुकट आहे.

डॉ_निवांत
कुंपण, आहात का? त्या क्लिनिकला तीन गोष्टी विचारा. कुठल्या पेशी देता आणि त्या हृदयपेशी झाल्या हे कशावरून? दिल्यावर किती दिवस ठोक्यांवर चोवीस तास नजर ठेवता? आणि ही नोंदणी झालेली चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे का घेता?

कुंपण
आहे. ऑफिसमध्ये रखडलो होतो, सगळं आता सलग वाचलं. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरसाहेब, तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्याला 'शक्तिशाली पेशी' असं उत्तर आलं. दुसऱ्याला 'नजर ठेवायची गरजच पडत नाही, दोन तासांत घरी'. तिसऱ्याला फोन दुसऱ्या माणसाकडे गेला आणि त्यानं सवलत देऊ केली. विषय संपला. बाबांच्या डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ घेतलीय, शॉकच्या यंत्राबद्दल विचारायला. ते दोनदा म्हणाले होते, आम्हीच टाळलं होतं.

काल रात्री बाबांना तो व्हिडिओ दाखवला. दाखवावा की नाही कळत नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल जवळ धरला, मग डाव्या मनगटावर बोटं ठेवून बसले. मला वाटलं भावुक झाले. मिनिटभरानं म्हणाले, "माझ्यापेक्षा सावकाश आहे रे."

पेट्रीबशी
बाबांना सांगा, सूक्ष्मदर्शकाखाली गार पडल्यात म्हणून. पेटीत परत ठेवल्या की पळतात.